डाव्या दाराखालची शिवण

सौ. विहीणबाई यांना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. गुडघा कसा आहे? पूर्वी जिना चढताना दुखायचा, आता उतरतानाही दुखतो हे वाचून खरंच वाईट वाटलं. आमच्याकडे सगळं ठीक. आमच्या ह्यांना आणखी कमी ऐकू येऊ लागलंय, पण जे ऐकणं गैरसोयीचं तेवढंच, त्यामुळे डॉक्टरांकडे न्यायची मी घाई करत नाही. व्याह्यांना नमस्कार सांगा.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंत की ते गंजकं धूड आमच्या अंगणात उभं आहे, त्या अर्थी आमचीच त्याला फूस आहे. विहीणबाई, फूस लावायची तर कोणी आधी विचारायला तर हवं. मी एका सकाळी कपडे वाळत घालायला मागे गेले, तर दोरीच्या जागी गाडी. कॅम्पर व्हॅन म्हणतात तिला. आत ओटा, आत पलंग, म्हणजे चांगलं घर असताना घराबाहेर राहून हाल काढायची सगळी सोय. वय वर्षं सेहेचाळीस. शेवटची आठ वर्षं तिच्यात एकाच्या कोंबड्या राहत होत्या, आणि तिच्यातून शहाणपणाने कोणी बाहेर पडलं असेल तर त्याच. माझ्या मुलीने खिडक्यांना पडदे कोणत्या रंगाचे लावायचे हे त्याच दिवशी ठरवलं. खिडक्यांखालचा पत्रा बोटाने ढकलला की बोट आत जात होतं, त्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. अशा गाडीत बसून हे दोघं सहा महिने हिंडणार आहेत. तुमचे चिरंजीव चालवणार आणि शेजारी माझी मुलगी बसणार, म्हणून मी त्या पत्र्यात लक्ष घातलं. ह्याला फूस म्हणत नाहीत.

बरं, वेल्डिंग करायचं तर माणसाने आधी लोखंडी स्टुलाच्या पायावर हात बसवावा. ह्या दोघांनी पहिल्याच आठवड्यात गाडीच्या दोन्ही बाजूंच्या दाराखालच्या पट्ट्या एकदम कापल्या. (त्या पट्ट्यांवर गाडीची कंबर उभी असते हे नाक्यावरच्या वेल्डरने नंतर सांगितलं. हा इसम सगळं नंतर सांगतो.) गाडी मधोमध अर्धं बोट खचली आणि सेहेचाळीस वर्षं मिटणारं दार मिटेना. मग तीन आठवडे हे दोघं जॅक लावून रोज केसभर उचलतायत, दार लावून बघतायत, पुन्हा केसभर उचलतायत. आमचे हे खुर्ची टाकून तो सोहळा बघायला बसायचे. मी विचारलं, काय दिसतं तुम्हाला ह्यात? म्हणाले, काय? मी पुन्हा विचारलं नाही.

आता तुम्हाला टोचेल असं लिहिते. लग्नाआधी तुम्हीच मला हसत हसत सांगितलं होतंत की आमच्या मुलाने आजवर एक काम तडीस नेलेलं नाही. बासरी दोन महिने, पोहणं कमरेपर्यंतच्या पाण्यात, आणि तुमच्या पॅसेजमधलं ते फडताळ, ज्याला अजून दारं नाहीत. मी तेव्हा हसले. (हसायला नको होतं, मुलगी माझी द्यायची होती.) पण गेल्या महिन्यात फोनवर तुम्ही त्याला म्हणालात, "हेही अर्धवटच राहणार, मला माहितेय." फोन स्पीकरवर होता. त्याचे हात ग्रीजने माखलेले होते म्हणून मीच तो धरून उभी होते. तो हसला. फोन ठेवल्यावर कापडाला हात पुसत मला म्हणाला, "आई, ही गाडी आरटीओच्या तपासणीत पास झाली नाही ना, तर मी परत कशाला हात लावणार नाही." आणि तो हे चिडून म्हणाला असता तर मी सोडून दिलं असतं. अगदी शांतपणे म्हणाला.

त्या दिवशी मी त्याचं काम जवळ जाऊन पाहिलं. तुम्हाला ठाऊक आहे, मी अठ्ठावीस वर्षं शिवणाचा वर्ग घेतला. सरळ शिवण म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. त्याने काय केलं होतं? नव्या पत्र्याला इथे एक टाका, मग वीतभर जागा मोकळी, तिथे एक टाका, मग पुन्हा उजवीकडे कुठेतरी एक. माझ्या वर्गातल्या पहिल्या दिवशीच्या मुलीने असा कच्चा धावदोरा घातला असता तर मी तो तिच्यासमोर उसवला असता. मी मनात म्हटलं, तुमचं म्हणणं खरं, हा मुलगा मधे जागा सोडल्याशिवाय काही करूच शकत नाही. तपासनीस म्हणे हातोडीने ठोकून बघतो. ठोकल्यावर हे सगळं खाली येणार, आणि मग आमच्या घरात एक शांत जावई कायमचा बसणार. मला वटवट करणारी माणसं चालतात, शांत झालेली चालत नाहीत.

तेव्हा दोघं कामावर गेली की त्या मोकळ्या जागा मी भरायच्या, असं ठरवलं. नाक्यावरच्या वेल्डरला बोलावलं. त्याने मशीन कसं धरायचं ते दाखवलं, पायात बूट घाला म्हणाला, चहा प्यायला आणि गेला. मी ह्यांची जुनी जाड पँट चढवली, कातडी हातमोजे घातले, आणि पहिल्याच दिवशी पत्र्याला रुपयाएवढं भोक पाडलं. दुसऱ्या दिवशी भोक बुजवायला गेले तर ते बशीएवढं झालं. तिसऱ्या दिवशी काम सुरेख झालं, पण मुखवटा तोंडावर आहे असं मी धरून चालले होते आणि तो होता डोक्यावर. संध्याकाळी डोळ्यांत मूठमूठ वाळू भरल्यासारखं झालं. मुलीला सांगितलं कांदे चिरले. तिने विचारलं, किती? मी म्हटलं, पुष्कळ. पण हात बसला, विहीणबाई. महिन्याभरात डाव्या दाराखालची पट्टी मी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात सलग शिवली, कुठे बोटभर जागा ठेवली नाही. मग ग्राइंडरने घासून वरून रंग दिला. सांगायला लाज कशाला, मला ती स्वतःच्या लग्नासाठी शिवलेल्या कशाहूनही आवडली.

तपासणी गेल्या सोमवारी झाली. पाण्याची बाटली धरायला म्हणून मी बरोबर गेले. तपासनीस खाली सरकला आणि लहान हातोडीने ठोकत निघाला. टण, टण, टण. उजवी बाजू टण. मागची बाजू टण. डाव्या दाराखाली आला आणि खळ्ळ. पुन्हा ठोकलं तर माझ्या शिवणीला हातभर चीर गेली आणि रंगाचा पोपडा त्याच्या मिशीवर पडला. तो बाहेर आला, मिशी पुसली आणि म्हणाला, "बाकीचं काम ज्याच्या हातचं आहे, त्याच्या हातचं हे दिसत नाही. हे कोणी केलं?"

मी तोंड उघडणार इतक्यात तुमचा मुलगा म्हणाला, "मीच साहेब. घाई झाली माझी." माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मी तीन फुटांवर बाटली धरून उभी. म्हणजे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. रोज संध्याकाळी गाडीखालून डोकं काढून "आई, हे आज बरं जमलंय, नाही?" असं मला विचारायचा, आणि मी म्हणायची, ठीक आहे, बघू. पुढच्या तारखेला पास नाही झाली तर गाडीचा नंबर रद्द आणि गाडी भंगारात, असं कागदावर लिहून तपासनिसाने कागद त्याच्या हातात दिला.

घरी येताना मी नाक्यावर उतरले. वेल्डर म्हणाला, पातळ पत्र्यावर सलग मारायचं नसतं मावशी, पत्रा तापून पिळतो आणि गार होताना फाटतो. इथे एक टाका, तिथे एक, मधे गार होऊ द्यायचं, मग हळूहळू जागा भरायच्या. म्हणजे पाच महिने तुमचा मुलगा बरोबर करत होता. मी म्हटलं, हे तू मला आधी का नाही सांगितलंस? म्हणाला, तुम्ही विचारलं कुठे, तुम्हीच मला शिवण समजावून सांगत होता. अशा माणसाला मी महिनाभर दोन चमचे साखर घालून चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनपाशी दोन मुखवटे ठेवलेले होते. माझी शिवण त्याने कापून काढली, नवा पत्रा लावला, एक टाका मारला आणि मशीन माझ्या हातात देऊन गार व्हायची वाट बघत उभा राहिला. गेले चार दिवस आम्ही असंच करतोय. एक तो, एक मी, आणि मधे नुसतं उभं राहायचं. असं उभं राहणं माझ्या स्वभावात नाही, पण राहतेय. तेव्हा फूस वगैरे शब्द पुढच्या पत्रात नकोत. गुडघ्याला शेक द्या, आणि बरं वाटलं तरी जिना जपूनच उतरा.

तुमची,
रागावलेली नसलेली विहीण

ता. क. गाडी आमच्या अंगणातून हलवायला सांगा, हे लिहायला मी पत्र घेतलं होतं, तेच राहून गेलं. हलवायला सांगा. पास झाल्यावर.

ता. क. दुसरा. तपासणी येत्या गुरुवारी अकरा वाजता आहे. हे पत्र मंगळवारी तुमच्या हातात पडेल. त्याला दाखवू नका, कळवूही नका.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं ह्यासाठी आहे. गुरुवारी दहाच्या आत त्याला फोन करा. काम चांगलं झालंय म्हणा, एवढंच. मी म्हणून बघितलं, पण माझ्या तोंडून ते टोमण्यासारखं येतं, आणि त्याला ते माझ्याकडून नकोही आहे. तुमच्याकडून हवंय. अकरानंतर केलात तर उपयोग नाही. पास झालेल्या गाडीचं कौतुक तो तपासनीससुद्धा करेल.