बांध की बांधा

बाबा, काल नात गृहपाठ करायला माझ्या शेजारी येऊन बसली आणि पेन्सिल चावत म्हणाली, "आजी, बांधा म्हणजे काय गं?" मी तांदूळ निवडत होते. ऐकलं आणि असं हसू फुटलं की सूपच कलंडलं. ती गोंधळली. मग मी तिला नीट सांगितलं, की माणसाच्या अंगाची जी घडण असते ना, हाडांची नि अंगाची ठेवण, तिला बांधा म्हणतात. कुणाचा शेलाटा असतो, कुणाचा थोराड. सगळं जिथल्या तिथं असलं की बांधेसूद म्हणायचं. अंगकाठी म्हण, चण म्हण, गोतावळा एकच. तिनं भराभरा लिहून घेतलं आणि विचारलं, "मग तुझा बांधा कसा होता?" आता ह्याचं उत्तर मी काय देणार? ते तू केव्हाच देऊन ठेवलं आहेस, आणि तेही भलत्याच प्रश्नाला. म्हणून तू नसलास तरी आज हे तुला लिहायला बसले.

माझा बांधा म्हणजे नुसती काडी होती. आई म्हणायची, हिच्या अंगाला अन्न लागत नाही. आत्या म्हणायची, उसाचं चिपाड बरं, त्यात थोडा रस तरी राहतो. पहिले बघायला आलेले लोक चहा पिऊन गेले आणि पुढच्या गल्लीत पोचायच्या आत म्हणाले, पोरगी वाऱ्यानं उडंल. दुसऱ्यांच्या वेळी आत्यानं मला दोन परकर नि दोन पोलकी एकावर एक घातली. वैशाखाचा महिना, अंगातून घामाच्या धारा, आणि मी पोह्यांची बशी द्यायला वाकले तर आतल्या पोलक्याची बाही बाहेर डोकावली. मुलाची मावशी म्हणाली, "पोरगी हाय की कांदा?" ते लोक गेल्यावर तू आत्यावर केवढा चिडलास! "माज्या पोरीला गुंडालून कशाला इकतेस? हाय तशी हाय!" मी चुलीमागं बसून ऐकत होते. पण तुलासुद्धा घोर लागला होता, ते मला दिसत होतं. मला स्वतःला तर वाटायला लागलं होतं की आता हे घर सोडून मी कुठं जात नाही. जो तो माझ्याकडं बघायचा आणि बघायचा तो मी कमी कुठं आहे तेवढंच.

त्या वर्षी तू दिवसा शेत बघायचास आणि संध्याकाळची शिफ्ट करायला नारपोलीला कापडाच्या लूमवर जायचास. लूमच्या खडखडाटानं तुझे अर्धे कान खाल्ले होते. घरात सगळ्यांनी तुझ्याशी ओरडून बोलायचं, आणि तू उलट आम्हालाच विचारायचास, एवढे भांडता कशाला. उरलेल्या अर्ध्या कानात नि सगळ्या डोक्यात तुझ्या एकच गोष्ट होती, खाडीकडचा बांध. काल्हेरच्या अंगाला आपली खारीतली भातजमीन. उधाणाला खाडीचं पाणी चढायचं, तेव्हा मधे तो मातीचा बांध, बस, तेवढाच. तो फुटला की खारं पाणी शेतात, आणि मग दोन-तीन सालं भाताचं नाव नको. खेकडे त्याला भोकं पाडायचे, आणि तू ती बुजवायचास. मी तुझ्यामागून चिखलाची पाटी घेऊन यायचे. भोक आतून नाही, पाण्याच्या अंगानं बुजवायचं, हे मला अ-आ-इ-ईच्या आधी आलं.

आणि मग तो शुक्रवार. लूम बंद, म्हणून तू घरी. तुझ्या शेजारच्या लूमवरचा चाचा सायकल मारत आला. उत्तरेकडचा माणूस, मराठी ओढूनताणून बोलायचा, पण निरोप पोचवायला त्याच्यासारखा दुसरा नाही. पलीकडच्या शेडमधले मुकादम, त्यांच्या मुलासाठी माझं नाव निघालं होतं. मुलीच्या अंगाबद्दल व्याह्यानं व्याह्याला तोंडावर विचारायचं नसतं, ही आपली रीत. म्हणून त्यांनी चाचाला मधे घातलं. मी चुलीपाशी तांदळाची भाकरी थापत होते. चाचा ओटीवर टेकला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "वो मुकादम पूछ रहे थे, बांधा कैसा है?"

तू खुशीनं मांडीच बदललीस. "बांध ना? बांध एकदम मजबूत हाय!" तुला वाटलं असणार, शेतकरी माणसं आहेत, पोरगी करायच्या आधी घरची जमीन विचारणारच. आणि मग तू जो सुटलास! "चाचा, दिसाया बारीक दिसतो, पन उधानाला पाठ दावत न्हाय. माज्या बापाच्या हातचा हाय. मागल्या साली दोन जागी खचलेला, म्या सोता माती घातली. खेकड्यांनी भोका पाडल्यान, त्या बुजवल्या. एका अंगाला जरा वाकडा हाय, पन पानी थेंबभर झिरपाचा न्हाय. त्यांना सांग, बगाया यायचं तर भरतीला या. सुक्यात बांध कुनी पन बगल!" चाचाचे डोळे मोठे होत होते. "खेकडा?" एवढंच त्यानं विचारलं. "मंग! खेकडा तर असनारच!" तू म्हणालास. त्या दिवशी माझी भाकरी करपली. तू ताटातला काळा तुकडा उचलून म्हणालास, "सासरी जायाच्या आदीच जालायला शिकली."

तिकडं काय झालं ते मला सासूबाईंनी सांगितलं. एकदा नाही, बाबा, जन्मभर सांगितलं, प्रत्येक बारशाला नि हळदीला, आलेल्या प्रत्येक पाहुणीला. चाचानं निरोप जसाच्या तसा पोचवला. मुलगी बारीक दिसते. एका बाजूनं वाकडी आहे. गेल्या साली दोन जागी खचली होती, बापानं माती घालून नीट केली. खेकड्यांनी भोकं पाडली होती. बघायचं तर भरतीला या. मुकादम कपाळाला हात लावून बसले. पण सासूबाई खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "येकतर ह्यो बाप येडा हाय, न्हायतर जगातला पयला बाप हाय जो पोरीचं खरं सांगतो. मला जाऊन बगायचाच हाय."

आणि ते आले, मुलाला घेऊन, पुनवेला, भर दुपारच्या उधाणाला! ह्या खेपेला मी आत्याला सांगितलं होतं, एकच पोलकं घालीन. मी नवी साडी नेसून आत बसले, आणि तू पाहुण्यांना पाणी देऊन थेट शेतावर घेऊन गेलास. आत्या दारात उभी राहून कपाळ बडवत होती. शेवटी आईनं चहाची किटली माझ्या हातात दिली नि म्हणाली, "जा तूच, म्हंजे त्यांना आठवल कशाला आलेत." मी पोचले तर तू बांधावर उभा राहून हातवारे करत होतास आणि सासूबाई पदर खोचून विचारत होत्या, "ते समदं ऱ्हाऊ दे, पोरगी कुटं हाय?" तू म्हणालास, "पोरगी घरान हाय. तुमी बांध बगाया आल्यात ना?" "बांध कशाला? बांधा!" "त्योच तर दावतो ना!" हे असं दोन-तीनदा झालं. मग सासूबाईंनी स्वतःच्या अंगावरून दोन्ही हात खाली फिरवून दाखवले, "अवो, बांधा! पोरीचा!" आणि तुझा चेहरा, बाबा! लाल झालास, मग हसायला लागलास, आणि हसता हसता खालीच बसलास. मुकादमही हसत होते. मी किटली घेऊन उभी, मला कळेना की पुढं जावं की मागं.

तेवढ्यात मला बांधाच्या आतल्या अंगाला पाण्याची बारीक धार दिसली. सगळे हसत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. मी किटली सासूबाईंच्या हातात दिली, कोण, कुठल्या, काही न बघता, आणि साडी खोचून खाडीच्या बाजूनं उतरले. गुडघाभर पाणी. हातानं चाचपून भोक शोधलं, गाळाचे गोळे कोंबले आणि वर टाच रोवून उभी राहिले. "दगड द्या कुनीतरी!" मी ओरडले. दगड आला. तो धरलेला हात मुकादमांच्या मुलाचा होता. चपला काढून, विजार वर करून तो माझ्यामागून पाण्यात उतरला होता. हे काही मी त्याला सांगितलं नव्हतं. धार थांबली. वर बघितलं तर सासूबाई किटली घेऊन तशाच उभ्या. मग त्या तुला थेट व्याही म्हणूनच हाक मारत म्हणाल्या, "इवाय, बांध बगितला, बांधा बी बगितला. आता चा घेऊ, न तारीख काढू."

चौथीपर्यंतची शाळा माझी, तुला ठाऊकच आहे. पुढं पोरांच्या पुस्तकांवरून जे शिकले ते शिकले, आणि एकदा रद्दीवाल्याकडून एक जाडजूड शब्दकोश आणला. पहिला कुठला शब्द काढला असेन, सांग! बांध आणि बांधा एकमेकांना खेटून बसलेले, भाऊ-भाऊ जसे. दोघांची आई एकच, बांधणं. फरक एवढाच की शेतावर गेलं की आपण बांधावर बसतो, आणि कपडा बसतो तो बांध्यावर. माणसाच्या अंगाला तेवढा एक य जास्तीचा. मला वाटतं, तुझ्या जिभेला तो य कधी लागलाच नाही, म्हणून तुला दोन्ही एकच. आणि बरोबरच होतं तुझं. दोन्ही बारीक दिसतात, दोन्हीला भोकं पडतात, आणि दोन्हीचं खरं कळायचं ते भरतीलाच. आता तिथं गोडाऊन झाली आहेत. ट्रक उभे असतात. तरी पुनवेला खाडी फुगते, तेव्हा माझी टाच आपोआप जमिनीत रुतते. आता मी चांगली गोल झाले आहे, बांधा कसला नि काय, पण टाच तीच.

एक मात्र सांगायचं राहून गेलं. सगळ्या भावकीनं जन्मभर चाचाला चिडवलं, की ह्यानं बांध्याचा बांध केला. बिचारा हसून ऐकायचा. पण चाचा तो शब्द वाटभर घोकत आला होता, आणि त्यानं तो स्वच्छ म्हटला होता, काना देऊन. मला चुलीपाशी नीट ऐकू आलं. माझे कान काही लूमनं खाल्ले नव्हते. ओठावर आलंही होतं, "बाबा, बांध नाही." पण तोवर तू बोलायला लागला होतास, दिसाया बारीक दिसतो, पन उधानाला पाठ दावत न्हाय. माझ्याबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं. मला ते शेवटपर्यंत ऐकायचं होतं. भाकरी करपली ती त्यामुळं.