तीन पुस्तकांतले तीन आबा

आबा, तुम्ही गेलात तेव्हा मी चौथी पास होऊन घरी बसले होते. शाळा सुटली ती सुटलीच. त्यानंतर पुस्तक हातात आलं ते पोरांचं, कव्हर घालायला, नाहीतर श्रावणात पोथी. आता या वयात, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी मी तुमची लढाई वाचतेय. एक नाही, तीन पुस्तकं. वाचून डोक्याचं पार भरीत झालंय. पहिल्या पुस्तकानं जे सांगितलं ते दुसऱ्यानं पुसलं, आणि तिसऱ्यानं भलतंच गिरवलं. तुम्हाला विचारावं तर तुम्ही जिवंत होतात तेव्हाही कधी धड उत्तर दिलं नाहीत. कोणी फारच मागे लागलं की म्हणायचात, "कोंडलं होतं आमाला. नदीच्या वाकणात." एवढं बोलून तंबाखू मळायला घ्यायचात. झाली लढाई.

हे सगळं उपटलं भाच्यामुळे, म्हणजे माझ्या भावाच्या मुलामुळे, तुमच्या पणतूमुळे. चाकणच्या कंपन्यांना माणसं पुरवतो तो. गळ्यात साखळी, दारात पांढरी गाडी, गाडीवर गावच्या तरुण मंडळाचं नाव. आपल्या चावडीच्या भिंतीत इंग्रजानं बसवलेला संगमरवराचा तुकडा होता ना, या गावातून इतके जण चौदा सालच्या मोठ्या लढाईला गेले आणि त्यातले इतके मेले असं सांगणारा? त्यात नाव एकाचंही नव्हतं, नुसता आकडा, बाजारात मेंढरं मोजल्यासारखा. रस्ता रुंद करताना चावडी पाडली आणि तो तुकडा राडारोड्याबरोबर गेला. कुठे ते कोणालाच ठाऊक नाही. तुमच्या खालच्या वावरात आता गाड्यांचे भाग बनवणारी कंपनी आहे आणि वरच्या वावरात कंटेनर उभे असतात. तर मंडळानं ठरवलं की नवा काळा ग्रॅनाईट बसवायचा, त्यावर प्रत्येकाचं नाव कोरायचं आणि नावाखाली दोन ओळी. तुम्हाला पाहिलेलं आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. म्हणून भाच्याचा फोन माझ्या मागे लागला.

"आत्या, दोन ओळी सांगा फक्त. कोरणारा खोळंबलाय."

"खोळंबू दे की. दगडाला काय घाई आहे?"

"तसं नाय हो. आमी एक वाक्य काढलंय. 'वेढ्यात उपाशी राहिले, परंतु अश्वमांसाला शिवले नाहीत.' कसंय? अंगावर काटा येतो ना? तुमी फक्त हो म्हणा."

"का रे, तू होतास तिथं भांड्यात वाकून बघायला?"

"आत्या, पुस्तकात हाय तसं."

पुस्तकात आहे म्हणाला म्हणून मी पुस्तकं मागवली. माझी नात हिंजवडीच्या कंपनीत आहे, मारुंजीला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, शनिवारी इकडे दिघीला येते. येताना धुण्याची पिशवी आणते, जाताना डबे नेते. तिला म्हटलं, माझ्या आबांची लढाई कुठल्या पुस्तकात मिळते बघ. तिनं फोनवर बोट फिरवलं आणि दोन इंग्रजी पुस्तकं दारात हजर. तिसरं मराठी, बारकं, चिंचवडच्या प्रदर्शनातून माझ्या मुलानं आणलं. त्याच्या कव्हरावर एक किल्ला आहे. तुम्ही तुर्कांशी लढलात त्या बसऱ्याकडच्या लढाईत किल्ला कुठून आला हे तेच जाणे.

पहिलं पुस्तक जाडजूड, नकाशांचं. नात त्याच्यावर फोन धरते आणि फोन त्याचं मराठी करून दाखवतो. पानोपानी एक 'सामान्य' यायचा. सामान्यानं तार केली. सामान्याला ताप आला. सामान्याला वाटलं, आपल्याकडे थोड्याच दिवसांचं धान्य आहे, आणि नंतर घरोघर झडती घेतली तर आणखी निघालं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कोणीतरी साध्या माणसाचं लिहिलं. दोन शनिवार मी त्या सामान्यात तुम्हाला बघत होते. मग आलं, की शेवटी शरण गेल्यावर सामान्याचं लाडकं कुत्रं शत्रूनं बोटीतून सुखरूप परत पाठवलं. मी म्हटलं, आबांनी कुत्रं कधी पाळलं गं? नात हसून हसून फरशीवरच बसली. "आजी, सामान्य म्हणजे जनरल. सगळ्यात मोठा साहेब. फोनला नाही कळत." म्हणजे साहेब बंगल्यात पाहुणा होऊन राहिला, त्याचं कुत्रं घरी गेलं, आणि तुम्हाला वाळवंटातून उन्हात चालवत नेलं. चालता चालता माणसं रस्त्यात बसली ती उठलीच नाहीत. हे मात्र तिन्ही पुस्तकांत एकसारखं आहे.

बाकी काहीच एकसारखं नाही. हे जाड पुस्तक म्हणतं की आत घोडी आणि खेचरं कापून खायची वेळ आली तेव्हा गोऱ्या शिपायांनी खाल्लं, आणि हिंदी शिपाई धर्म आडवा घालून बसले. त्यानं ते अशक्त झाले, रोगानं पडले, म्हणून साहेबाचा नाइलाज झाला. म्हणजे लढाई हरली ती तुमच्यामुळे. दुसरं पुस्तक म्हणतं, कसला धर्म घेऊन बसलात? बोटी पुरेशा नव्हत्या, डॉक्टर नव्हते, औषधं नव्हती, थंड हवेच्या डोंगरावर बसलेल्या सरकारी साहेबांनी पैसे वाचवले आणि फौज पुढे ढकलली. सोडवायला आलेल्या फौजेची आत अडकलेल्यांपेक्षा जास्त माणसं गारद झाली. आणि खाण्याचं म्हणाल, तर इकडच्या धर्माच्या मोठ्या लोकांकडून परवानगी मागवली, मग शेवटी शेवटी बहुतेकांनी खाल्लं, पण तोवर अंगात काही राहिलं नव्हतं. मराठी पुस्तक म्हणतं, आपल्यातल्या एकानंही खाल्लं नाही. हे पुस्तक मी स्वतः वाचू शकते, अक्षरही मोठं आहे, तरी विश्वास बसेना. 'एकानंही' असं ज्याला लिहिता येतं, तो माणूस कधी उपाशी राहिला नसणार.

आता तुमचं सांगते. तुम्ही पंगतीत बसत नव्हतात. लग्न असो, बारसं असो, तुमचं पितळी ताट गोठ्यात. आई ताट वाढून माझ्या हातात द्यायची आणि मी ते उंबऱ्याच्या अलीकडे ठेवायची. तुम्ही भाकरी कुस्करून, खाली मान घालून, घाईघाईनं जेवायचात, कोणी हिसकावून घेईल असे. मी आजीला विचारलं होतं, आबांना वाळीत टाकलंय का? आजी चुलीतली राख ओढत म्हणाली, "वाळीत कशाला टाकतील? समिंदर वलांडून आला, तुरकाच्या कैदेत ऱ्हायला, म्हणून भावकीनं नाशकाला नेऊन शुद्ध करून घेतलं. पंचगव्य पाजलं. पानात घेतलं. समदं झालं. पर ह्योच बसंना." तेव्हा मला वाटलं, म्हातारा आहे, तऱ्हेवाईक आहे. आता पुस्तक वाचल्यावर वाटतं, तुम्ही खाल्लं होतं आणि तुम्हाला ते पंचगव्यानं धुतलं गेलेलं पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उलट वाटतं. तुम्ही खाल्लं नसेल आणि शेजारच्यानं खाल्लं असेल, तो मेला आणि तुम्ही राहिलात, म्हणून तुम्हाला कोणाच्या शेजारी बसून जेवता येत नसेल. तिसऱ्या दिवशी वाटतं, ह्याचा घोड्याशी काही संबंधच नाही, कैदेत कुत्र्यासारखं जेवायची सवय लागली असेल. एकाच ताटाचे तीन अर्थ लागतात, आणि मी ते ताट रोज उचलत होते.

आणि खंडोबाचं काय? आपलं कुलदैवत. देवळासमोर दगडी घोडा. सगळी पोरं त्याच्यावर चढायची. मी चढले तेव्हा तुम्ही मागून आलात आणि माझा दंड धरून खाली ओढलंत. एरवी तुम्ही आम्हाला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. "उतर. त्येनं वझी लई वाहिल्याती," असं म्हणालात. बायका बघत होत्या. मला रडू आलं ते दंड दुखला म्हणून नाही, तुमचा आवाज फाटला होता म्हणून. चंपाषष्ठीला तळी उचलायची तर घरातले पाच पुरुष हात लावतात, भंडारा उधळतात, येळकोट करतात. तुम्ही घरातले थोरले. तरी तुमचा हात तळीला कधी लागला नाही. तुम्ही बाहेर त्या दगडी घोड्याच्या पायाशी बसायचात आणि भंडाऱ्याची चिमूट त्याच्या खुराला लावायचात, देवाला नाही. ज्याच्या देवाचं वाहन घोडा, त्याला घोडा खायला सांगणारी परवानगी कोणी दिली आणि कुठल्या तोंडानं दिली, हे तिन्ही पुस्तकांत नाही. खाल्लेला माणूस घोड्याच्या खुराला हात लावून माफी मागेल का? की न खाल्लेला माणूस, डोळ्यांसमोर घोडी कापली म्हणून, असा बसेल? मला ठरवता येत नाही.

परवा रविवारी भाचा घरी आला, कोरायच्या मजकुराचा छापील कागद घेऊन. नात होती. मागे लष्कराच्या हद्दीत गोळीबाराचा सराव चालला होता, काचा थरथरत होत्या. दोघांची जुंपली.

नात म्हणाली, "काका, लॉजिक बघा ना. जे जगले त्यांनी खाल्लंच असणार. 'परिस्थितीवर मात करून जगले' असं लिहा. मॉडर्न वाटेल."

"ए बाई, गावात तोंड दाखवायचं हाय मला. उद्घाटनाला मोठी माणसं येणारेत. घोडं खाल्लं म्हणून कोरू व्हय दगडावर?"

"खाल्लं तर काय झालं? मी परवा बर्गर खाल्ला."

मी म्हटलं, "तुझ्या बर्गरला कोणी वेढा घातला नव्हता. गप बस."

"बघा, आत्या माझ्या बाजूनं हायेत."

"तुझ्या बाजूनं कशाला असेन? उपासाला साबुदाण्याची खिचडी दोनदा घेणारा तू. तुला उपाशी माणसाचं वाक्य कोरायला कोणी सांगितलं?"

सून चहा घेऊन आली ती दारातच थांबली. भाच्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग त्यानं सरळ विचारलं, मुलगा वाईट नाही तो, "आत्या, मस्करी नको. खरं काय ते सांगा. तुमी सांगाल ते लावतो. आबांनी खाल्लं का नाय?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले, जणू मी नदीच्या त्या वाकणात उभी होते. मला हो म्हणता आलं असतं. मी हो म्हटलं असतं तर ते दगडात गेलं असतं, आणि मग माझ्यानंतर तेच खरं. नाही म्हटलं असतं तरी तेच. तुम्ही सगळा जन्म तोंड मिटून काढलात आणि आता तुमचं उत्तर माझ्या तोंडी आलं होतं. मी म्हटलं, "नाव लिही. गाव लिही. खाली लिही, लढाईहून परत आले."

"एवढंच?"

"एवढंच मला ठाऊक आहे. मी त्यांना इथं बघितलंय, तिथं नाही."

"बाकीच्यांच्या नावाखाली शौर्य, बलिदान असं सगळं हाय आत्या. आपल्याच माणसाखाली नुसतं 'परत आले'? बारकं दिसंल."

"दिसू दे बारकं."

भाचा नाराज झाला. चहा अर्धा ठेवून गेला. काल कोरणाऱ्याकडून त्यानं फोटो पाठवला, काळ्या दगडावर पांढरी अक्षरं, तुमच्या नावाखाली तेवढेच तीन शब्द. नातीनं फोटो मोठा करून दाखवला. तिन्ही पुस्तकं मी तिला परत न्यायला सांगितली, तर म्हणते परत घेत नाहीत, ठेव तुझ्याकडेच. ठेवलीत, टीव्हीखालच्या फळीवर. सून त्यांच्यावर रिमोट ठेवते.

हे लिहिलेलं मी कोणाला दाखवणार नाही. भाच्याला दिसलं तर हेही कोरायला देईल. दगडावर जे खरं तेवढंच लिहायला लावलं, याचा मला थोडा तोराही आहे. पण आबा, तुम्हाला म्हणून सांगते. मला ठाऊक नाही ते नाहीच, तरी मनातून मी बाजू घेऊन मोकळी झालेय. तुम्ही खाल्लं असावं, असंच मला वाटतं. आणि परवानगी यायच्या आधी, आपल्याच मनानं खाल्लं असलंत, तर आणखी बरं.