पायऱ्यांवरचा फोटो

आई, तू नगरपालिकेच्या भिंतीवर आहेस. मी सासरहून, मोताळ्याहून, आपल्या घराच्या टॅक्सच्या कामाला गावी गेले होते. साहेब जेवायला गेलेले, आणि त्यांचं जेवण कधी आटोपतं ते देवालाच ठाऊक. वेळ काढायला सभागृहात शिरले, तर तिथे जुन्या गावाच्या फोटोंचं प्रदर्शन मांडलेलं. गावाची वेस, आठवडी बाजार, जिनिंगसमोर कापसाच्या गाड्या. आणि एका फोटोत याच इमारतीच्या पायऱ्यांसमोर रिकाम्या घागरी घेतलेल्या बाया. सगळ्यांत पुढे तू, हात वर, डोक्यावर पदर नाही. वरच्या पायरीवर मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, तेव्हाचे मेंबर. फोटो माझ्या जन्माआधीचा.

मला आधी वाटलं, दुसरीच कुणीतरी असेल. आपल्या घरात मोठे बाबा ओट्यावर नुसते खाकरले तरी तू पदर ओढून आत जायचीस. भासऱ्यांसमोर धाकट्या सुनेनं बोलायचं नाही, म्हणून भाजीत मीठ पुरे का, हेसुद्धा तू दाराआडून माझ्या तोंडून विचारायचीस. एकदा मी त्यांना उलट उत्तर दिलं. त्यांच्याआधी तूच मला चुलीपाशी नेऊन कान पिळलास. "मोठ्या मानसाले उलटून बोलू नाही. मी बोलली काय कधी?" म्हणालीस. मी ते खरं मानलं.

फोटोसमोर आपल्या गल्लीतल्या बांगडीवाल्या खाला भेटल्या. आता पार वाकल्या आहेत, नजर मात्र शाबूत. "तुही मायच होय वो ते," म्हणाल्या. "मेंबर म्हने, येईन पानी, घरी जा. आम्ही साऱ्या चूप. तुही माय पुढं झाली. म्हने, मेंबरसाहेब, घरी तुमाले पानी मीच देतो. उद्यापासून रिकामा गिलास देऊ काय?"

"मग?"

"मग आला ना कोपऱ्यावर नळ! अन् तिनं संध्याकाळी पदर घेऊन त्यायले जेवाले वाढलं. ना थे बोलले, ना तुही माय."

"मला कधी सांगितलं नाही."

"तू झाल्यावर मलेही कसम घातली होती. म्हने, पोरीले सांगू नको, आगाऊ निघन, सासरी नांदनार नाही."

नांदले, आई. सासरी माझ्यादेखत घराची वाटणी झाली, मला कुणी विचारलं नाही, आणि मी सगळ्यांना चहा करून दिला. तुझीच शिकवण म्हणून शहाण्यासारखी गप्प बसले. तू मला अर्धंच शिकवलंस.

फोटोखाली मोठ्या बाबांचं नाव सगळ्या मानमरातबासह होतं, आणि तुम्हा बायांसाठी नुसतं 'पाण्यासाठी आलेल्या महिला'. प्रदर्शन मांडणारी शिक्षिका म्हणाली, कुणाला ओळखत असाल तर नाव सांगा, खाली घालू. मोठ्या बाबांचे नातू गावात आहेत, ते काय म्हणतील, हे डोक्यात येऊन गेलं. तू असतीस तर हात धरून मला बाहेर नेलं असतंस, हेही आलं. मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण, आणि दोनदा, कारण पहिल्यांदा तिनं चुकीचं लिहिलं.

ती म्हणाली, केवढा अभिमान वाटत असेल तुम्हाला. मी हो म्हटलं. हे कुठे पाठवायचं नाहीच, तर तुला खरं सांगते: नाव मी रागानं दिलं.