काजळ्याचा पिवळा स्वेटर

३ मार्च, सोमवार
दुपारी लॅबमध्ये कवळीचं मेण वितळवत असताना बातमी कळली. काजळ्याचा नवा अवतार येतोय. कॉमिक्सच्या कंपनीने नव्या अंकाचं कव्हर जाहीर केलंय. डोक्यावर हॅट नाही. अंगात काळा कोट नाही. तोंडावर सावली नाही. पिवळा स्वेटर. चष्मा. आणि चक्क थोडं टक्कल.

तीस वर्षं ज्याचा चेहरा कुणी पाहिला नाही, ज्याने आयुष्यात कुणाला माफ केलं नाही, अख्ख्या अंकात जो जेमतेम दोन वाक्यं बोलायचा, तो आता म्हणे लाँड्री चालवणार. ‘काजळ्या विसरत नाही’ हे ज्याचं ब्रीद, तो लोकांचे शर्ट धुणार. नवी लेखिका आणली आहे. याआधी ती लहान मुलांसाठी बदकांच्या गोष्टी लिहायची.

निर्णय : शांत राहायचं. माझ्यासारख्या जाणकाराला थिल्लर प्रतिक्रिया शोभत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
कंपनीला ईमेल पाठवला. सात पानी. अगदी शांतपणे.

५ मार्च, बुधवार
दोन दिवस इतर चाहत्यांच्या प्रतिक्रिया वाचतोय. इतक्या मठ्ठ लोकांबरोबर आपण इतकी वर्षं एकाच गोष्टीवर प्रेम करत होतो, याची लाज वाटली. काही नुसते रडतायत. काही म्हणतात, आधी वाचू, मग बोलू. वाचून काय कुणीही बोलेल. काही तर टीव्हीवरचं कार्टून बघून आलेले, त्यांना हातोडा कोण हेही माहीत नाही. हातोडा म्हणजे काजळ्याचा जुना साथीदार. त्याने एकदा, एकदाच, काजळ्याचं ऐकलं नाही. काजळ्या त्यानंतर त्याच्याशी एक अक्षर बोलला नाही. याला म्हणतात कॅरेक्टर.

माझा ईमेल मी सगळीकडे चिकटवला. एकच लाइक. लांब्याचा. लांब्या माझा शाळेपासूनचा मित्र, लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या लाइकला काही अर्थ नाही, तो सगळ्यालाच लाइक करतो.

त्याच वेळी कुणीतरी काढलेलं ‘काजळ्या इस्त्री करतोय’ हे चित्र घरोघर पोचलं. आमच्या घरातही. कन्येने फोनवर लावलंय. वय पंधरा. माझंच रक्त, पण बहुधा पातळ झालेलं.

९ मार्च, रविवार
आमच्या घरी ‘काजळ्या निष्ठावंत संघा’ची तातडीची बैठक. संस्थापक मी आणि लांब्या. ग्रुपवर पुष्कळ जण आहेत, आले पाच. त्यातला एक पत्ता चुकून आलेला, शेजाऱ्यांचा टीव्ही दुरुस्त करायला. तो थांबला, ग्रुपमध्येही आला आणि बिस्किटं त्यानेच सर्वांत जास्त खाल्ली.

मी चाळीस मिनिटं बोललो. बहिष्काराचा ठराव मांडला. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जण पेंगत असल्यामुळे जरा जास्तच. तेवढ्यात लांब्या म्हणाला, मला तो स्वेटर बरा वाटला.

मी विचारलं, बरा म्हणजे?

तर म्हणे, उबदार वाटला. किती वर्षं तो माणूस त्या कोटात उकडून निघालाय.

यावर लोक हसले. माझ्या घरात, माझी बिस्किटं खाऊन.

सगळे गेल्यावर लांब्या दारात घुटमळला. म्हणाला, तुला एक सांगायचं होतं. मी म्हणालो, आधी स्वेटरचा खुलासा कर. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि बरं, नंतर सांगतो, म्हणून जिना उतरून गेला. लिफ्टचा माणूस, पण आमची लिफ्ट असूनही जिन्याने. विचित्रच आहे.

१२ मार्च, बुधवार
लॅबच्या मॅडमनी बोलावून घेतलं. बातमी कळली त्या सोमवारी मी केलेली कवळी परत आली आहे. वरचे दात इतके पुढे बसलेत की पेशंट गप्प बसला तरी हसतोय असं दिसतं. बिचारा कुणाच्या तरी अंत्ययात्रेला गेला होता म्हणे. मॅडमना सांगितलं, प्लास्टर खराब होतं. त्या म्हणाल्या, त्याच प्लास्टरच्या बाकीच्या सगळ्या कवळ्या चांगल्या निघाल्या.

एवढं मोठं सांस्कृतिक संकट चालू असताना या बाईंना दात दिसतात.

१६ मार्च, रविवार
लांब्याला ग्रुपमधून काढलं. कटुता नाही. त्याने ‘वाचून ठरवूया ना’ असं ग्रुपवर लिहिलं आणि त्याला बाकीच्यांनी अंगठे दाखवले. वर केलेले अंगठे. अशी कीड वेळीच काढावी लागते. दातांच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळतं.

ही म्हणाली, अरे, लांब्याभावजींना काढलंस? कशासाठी? मी म्हणालो, तत्त्वासाठी. ही म्हणाली, त्यांच्या बायकोचा फोन आला होता, तू एकदा बोल त्यांच्याशी. आता बायकोकरवी वशिला. काजळ्याने असल्या माणसाचं काय केलं असतं? काहीच नाही. नुसतं दुर्लक्ष. मीही तेच करणार.

लांब्याचे दोन मिस्ड कॉल. दुर्लक्ष केलं. सोपं गेलं. दिवसभर फोन हातात होता तो दुसऱ्या कामासाठी.

२९ मार्च, शनिवार
योजना पक्की. अंक विक्रीला येईल त्या दिवशी कॉमिक्सच्या दुकानासमोर मूक निदर्शनं. सर्वांनी काळा लांब कोट, काळी हॅट. घोषणा नाहीत. नुसतं रोखून बघायचं. रांगेतले लोक खजील होऊन घरी जातील. दुकानदार गयावया करेल. त्यानंतर कंपनी.

ग्रुपवर तेवीस जणांनी ‘येतो’ लिहिलंय. जास्त गर्दी झाली तर रस्ता अडेल, म्हणून दोन तुकड्या करतोय.

५ एप्रिल, शनिवार
तुकड्या कराव्या लागल्या नाहीत.

मी एकटाच होतो. एकाच्या मुलीला ताप, एकाची गाडी बंद. एकाने प्रामाणिकपणे लिहिलं की कोटात फार उकडेल. दोघे मला दिसले. रांगेत. माझ्याकडे पाठ करून.

तरी उभा राहिलो. ऊन डोक्यावर, अंगात लोकरीचा कोट. रोखून बघत होतो. थोड्या वेळाने एक बाई लेकराला घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं, फोटो काढू का? मी मौन सोडणार नव्हतो. माझं मौन त्यांनी होकार धरलं. मग फोटोसाठी वेगळी रांग लागली. लोकांना वाटलं, दुकानाने जाहिरातीसाठी जुना काजळ्या उभा केलाय. एक पोरगं माझ्या पोटाला टेकून म्हणालं, हा जाडा आहे. त्याची आई म्हणाली, असं नाही म्हणू, काका कामावर आहेत.

दुपारपर्यंत अंक संपले. दुकानदार बाहेर आला, गार पाणी दिलं, हात हातात घेतला. म्हणाला, साहेब, तुमच्यामुळे आज जत्रा भरली. नको नको म्हणत असताना त्याने स्वतःसाठी ठेवलेली शेवटची प्रत माझ्या कोटाच्या खिशात घातली.

रांगेत लांब्या नव्हता. मी बघत नव्हतो, पण नव्हता.

६ एप्रिल, रविवार
अंगावर पुरळ उठलंय. पडून आहे. निदर्शनांची दखल घेतली गेली यात शंका नाही. माझे फोटो सगळीकडे आहेत. खाली ‘किती गोड’ असं लिहिलंय, पण दखल ती दखल.

७ एप्रिल, सोमवार
घरात फितुरी. कोट धुवायला टाकताना हिला खिशात अंक सापडला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, हिने काजळ्याचं एक पान उघडलं नव्हतं. म्हणायची, तुझा तो घुम्या. आज कणीक तशीच ठेवून ओट्याला टेकून अख्खा वाचला. आधी हसली. मग हसायची थांबली. मग पुन्हा पहिल्यापासून काढला.

जेवताना ही आणि कन्या दोघी काजळ्यावर बोलत होत्या. माझ्या काजळ्यावर. मी दोनदा मुद्दा दुरुस्त केला. कन्या म्हणाली, बाबा, तू वाचलंयस का? मी म्हणालो, न वाचताही मला सगळं माहीत आहे. ही म्हणाली, ते तर आम्हाला माहीतच आहे, आणि भाजी वाढली.

९ एप्रिल, बुधवार
वाचला. केवळ खंडन करता यावं म्हणून. दार लावून.

दोष असंख्य. काजळ्या डावखुरा आहे, इस्त्री उजव्या हाताने करतो. लाँड्रीतल्या मशीनचं झाकण एका चित्रात पुढे, दुसऱ्यात वर. काजळ्या एका गिऱ्हाइकाशी चक्क हवापाण्याच्या गप्पा मारतो. आणि शेवट तर पोरकटपणाचा कळस. काजळ्याला कुणाच्या तरी शर्टाच्या खिशात हातोड्याचा पत्ता सापडतो. तो तिथे जातो. आणि तीन पानं, पूर्ण तीन पानं, बंद दारासमोर नुसता उभा राहतो. घंटीकडे हात नेतो, खाली घेतो. केस नीट करतो. जे उरलेत ते. पुन्हा हात नेतो. एक शब्द नाही. शेवटच्या चौकटीत बोट घंटीवर. संपलं.

तीन पानं दारासमोर. कागदाची नासाडी. खात्री करून घेण्यासाठी ती तीन पानं चार वेळा वाचली. नासाडीच आहे.

११ एप्रिल, शुक्रवार
निष्ठावंत संघात आता मी आणि तो बिस्किटंवाला. त्याला ग्रुपमधून बाहेर कसं पडायचं ते माहीत नाही, असं त्याने मलाच विचारलं. सांगितलं.

१३ एप्रिल, रविवार
विचारान्ती लांब्याला माफ करण्याचा निर्णय घेतला. मोठ्या माणसाने पुढाकार घ्यावा लागतो. निवेदन पाठ केलं. ‘तुझी चूक मी समजून घेतो’ इथून सुरुवात.

त्याच्या दारापाशी पोचलो. घंटी वाजवायला जरा वेळ लागला, कारण निवेदन आठवत होतो. वाजवणार तेवढ्यात दार आपोआप उघडलं आणि एका हमालाने माझ्या हातात टेबलाचं टोक दिलं. म्हणाला, धरा, जिन्यात वळणावर जपून. मी धरलं. तीन मजले खाली गेल्यावर ट्रकमध्ये लांब्या उभा. म्हणाला, अरे, तू?

त्याची बदली झाली आहे. लांब, रात्रभराच्या प्रवासावर. मार्चमध्येच कळलं होतं. तेच सांगायचं होतं म्हणे. मी म्हणालो, मग सांगायचंस. तो म्हणाला, हो, सांगायला हवं होतं. एवढंच. भांडायचीसुद्धा या माणसाला अक्कल नाही.

निवेदन राहिलं. टेबलानंतर कपाट होतं, मग गाद्या, मग त्याच्या बायकोच्या कुंड्या. तिने मला पाणी दिलं आणि पाठ कशी आहे विचारलं. ट्रक सुरू झाला तेव्हा लांब्याने खिडकीतून हात काढला. मी म्हणालो, डावीकडचा आरसा नीट कर. त्याने केला. तो ड्रायव्हर नव्हता, तरी. ट्रक गेला.

रस्त्यावर उभा होतो तर तो हमाल म्हणाला, साहेब, तुम्ही आमच्यातले नाही का? मी नाही म्हणालो. तो म्हणाला, तरी चांगलं उचलता.

३ मे, शनिवार
दुसरा अंक आला. टीका अर्धवट सोडणं बरोबर नाही म्हणून रांगेत उभा राहिलो. साध्या शर्टात. दुकानदार म्हणाला, आज कोट नाही? मी पैसे पुढे केले.

घरी येऊन लांब्याला फोन लावला. सूचनावजा दोन शब्द सांगून ठेवणार होतो. त्याने पहिल्याच घंटीला उचलला. विचारलं, हातोड्याने दार उघडलं का रे? इथे अंक मिळत नाही, दुकानच नाही. मी म्हणालो, मी अजून उघडलेला नाही. हे खोटं होतं, रांगेतून घरापर्यंत दोनदा वाचला होता. तो म्हणाला, मग वाच ना मोठ्याने.

तर वाचला. चित्रंसुद्धा सांगावी लागली. हातोडा म्हातारा झालाय, हातात काठी आहे, दार अर्धंच उघडलंय, हे सगळं. सुरुवातीला मी आवाजात पुरेसा तुच्छपणा ठेवला होता. लांब्या म्हणाला, नीट वाच, मला दिसत नाहीये. मग नीट वाचला. मधे ही जेवायला हाक मारून गेली. दुसऱ्यांदा आली ती दारातच उभी राहून ऐकत राहिली.

संपल्यावर त्याने अर्धं उघडलेल्या दाराचं चित्र पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, चांगला आहे रे.

मी म्हणालो, ठीक आहे.

‘ठीक आहे’ म्हणजे अत्यंत सुमार. पण ते त्याला कळलं असं वाटत नाही, कारण तो हसत होता.