बाबाईच्या खड्ड्यावरून धावपट्टी

बैरिकी, तारावा
४ मार्च १९९८

ती. रोतियाताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि. इकडे मी खुशाल, तिकडची खुशाली वाऱ्यावर न सोडता कागदावर कळवत जावी.

ताई, बातमी अशी आहे की बसली असशील तर उभी राहा. आपल्या नाबेरू बेटाला विमानाची धावपट्टी मंजूर झाली! नव्या योजनेत पान भरून आली आहे आणि नकाशावरची रेघ तुझ्या या भावाने स्वतः ओढली आहे. अशी सरळ, की आमचे साहेब चष्मा वर करून पाहत राहिले. गावाच्या दक्षिणेला ती ओसाड पाणथळ जागा आहे ना, तिथून थेट टोकापर्यंत. कुणाचं घर जात नाही, चर्च जात नाही. सरकारी कामात इतकी सोय सहसा नसते.

गेल्या वर्षी आईची छाती भरली तेव्हा जहाज कुठे होतं आठवतं? खोबरं गोळा करायला दुसऱ्याच बेटावर. मी इथे धक्क्यावर नुसता येरझारा घालत होतो. आता तसं होणार नाही. आईला सकाळी खोकला आला तर दुपारी ती तारावाच्या इस्पितळात असेल.

मे महिन्याच्या अखेरीला मंत्री बाउरो आणि पैसे देणाऱ्यांचे तज्ज्ञ ग्रॅहम साहेब तुमच्याकडे येतील. मानेआबात, गावाच्या सभाघरात, म्हाताऱ्या मंडळींनी माना डोलावल्या की झालं. तेवढं तू बघ.

बाकी घरी पंखा नाही. चुलतभाऊ आला होता, त्याने बुबुती केली. रेडिओ त्याच्या मेव्हण्याने आधीच मागून नेला होता. आता आत्याच्या जावयाची नजर पलंगावर आहे. नात्यातल्याने मागितलं की द्यायचं, नाही म्हणायची सोय नाही, असल्या देशात कुणाची भरभराट होणार? मी योजनेत 'बुबुतीचे आर्थिक दुष्परिणाम' असं एक प्रकरणच घातलं आहे. साहेबांना फार आवडलं. वाचताना खुणा करायला म्हणून त्यांनी माझं पेन मागून घेतलं, ते काही परत आलं नाही.

आईला नमस्कार. लोभ आहेच, त्याला ओहोटी लागू देऊ नये.
तुझा,
तोआकाई


नाबेरू
२७ मार्च

चि. तोआकाईस,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र जहाजावरच्या साखरेच्या पोत्यात सापडलं, त्यामुळे गोड मानून घेतलं.

म्हाताऱ्यांची काळजी करू नकोस. ते हो म्हणतील. पाहुण्याला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नाही, म्हणून तर आपल्याकडे मासे गोठवायचं शीतगृह आहे. वीज नाही, पण शीतगृह आहे. त्यात हल्ली पाद्रीबुवांच्या कोंबड्या अंडी घालतात. त्याआधी एक बाई येऊन मधमाश्या पाळा म्हणाली होती, तेव्हाही हो म्हणाले. मधमाश्यांनाच ते पटलं नाही.

आता कामाचं ऐक. तुझी ती ओसाड पाणथळ जागा म्हणजे आईचा बाबाईचा खड्डा आहे, शहाण्या! आजोबांनी खालचं गोडं पाणी लागेपर्यंत वाळू उपसून केलेला. आई अजून रोज पहाटे पाला गोळा करून त्यात उतरते, बाबाईच्या कंदाभोवती टाकते आणि किती टाकायचा ते मलासुद्धा सांगत नाही. तुझ्या बारशाला जो कंद काढला तो उचलायला दोन माणसं लागली होती. तू त्यावर वाढलास आणि नकाशावर तुला तो ओसाड दिसला? बैरिकीच्या तांदळाने डोळे गेले की काय?

चर्चच्या आवारात लोक बोलत होते, तिथे आईच्या कानावर गेलं. ती म्हणाली, की कुणीतरी परदेशी पोरगा असेल बिचारा, त्याला बाबाई काय ठाऊक. रेघ कुणाची ते मी सांगितलेलं नाही. ती रेघ हलव.

पलंग द्यायच्या आधी गादी इकडे पाठव, आईची पाठ दुखते. (ही बुबुती समज.)
माया आहे तशीच आहे, राग वेगळा.
रोतिया


बैरिकी
१८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. गादी पाठवली आहे. जहाजावर कुणी मागून घेतली नाही तर पोहोचेल.

खरं सांगतो, खड्ड्याचं वाचून मला जेवण गेलं नाही. लहानपणी तिथे खेळलो, पण वरून पाहिलेला नकाशा आणि आतून पाहिलेला खड्डा यांची गाठ माझ्या डोक्यात पडलीच नाही. लाज वाटते.

पण ताई, रेघ हलवू कुठे? आपलं बेट ते केवढं! एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे आपण धोतर वाळत घातल्यासारखे. रेघ पूर्वेला नेली तर चर्चला लागते, पश्चिमेला नेली तर मंत्र्यांच्या बायकोच्या माहेरच्या माडांना. देव एकवेळ समजून घेईल. वाकडी करावी तर विमानाला वाकडं उतरता येत नाही, मी विचारून पाहिलं. शिवाय नकाशावर चार खात्यांचे शिक्के पडले आहेत. इथे माणूस बदलतो, शिक्का बदलत नाही.

माझी एकच भीती आहे, ती तुला ठाऊक आहे. पुन्हा जहाज नसताना आईला काही झालं तर? खड्डा दुसरा खणता येईल, मी येऊन खणीन. आई दुसरी कुठून आणू? म्हणून हात जोडतो, सभेत काही बोलू नकोस. बाउरोसाहेब आपल्या आजीच्या माहेरच्यांपैकी आहेत, म्हणजे घरचेच. त्यांचा मान ठेव. आणि रेघेचं आईला कळू देऊ नकोस.

राग भरतीच्या पाण्यासारखा उतरावा, लोभ उतरू नये.
तोआकाई


नाबेरू
९ जून

चि. तोआकाईस,
अनेक आशीर्वाद, आणि थोडे जपून वापर, लागतील.

सभा झाली. तू सांगितलंस तसा मंत्र्यांचा मान ठेवला. इतका ठेवला, की ते परत जाताना बोटीत चढायला विसरत होते.

सकाळपासून सांगते. मानेआबा भरला होता. ग्रॅहम साहेब चटईवर मांडी घालून बसले, म्हणजे बसवले गेले. त्यांचे गुडघे काही मिटेनात. त्यांनी विचारलं, की तुम्हाला धावपट्टी हवी का, तेव्हा सगळे म्हातारे एका सुरात हो म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं, की खरंच हवी का, तेव्हा आणखी मोठ्याने हो म्हणाले. साहेब इतके खूश झाले, की त्यांनी पोहता येतं का विचारलं असतं तर तेव्हाही हो मिळालं असतं. मग डुक्कर, मासे, माडी, नाच.

आपल्या घराण्याची जागा मात्र रिकामी होती. बाबा गेले, तू तिकडे. त्या चटईवर कुणी नसलं की आपलं घर मुकं, हे तुला सांगायला नको. जेवणं झाल्यावर मी उठले आणि तिथे जाऊन बसले. कुजबुज झाली. सर्वांत वयोवृद्ध तेबानो आजोबांनी विचारलं, की हे काय पोरी. मी म्हटलं, भाऊ येईपर्यंत जागा गरम ठेवते. ते हसले, म्हणून बाकीचे गप्प बसले.

मग मी बाउरोसाहेबांना आजीच्या माहेरचं नातं सांगितलं. त्यांनाही आनंद झाला, सर्वांसमक्ष मला बहीण म्हणाले. बहीण म्हटल्यावर मी म्हणाले, की दादा, बहिणीची बुबुती आहे. ही योजना मला द्या.

मंत्र्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळीकडे म्हातारेच. त्यांना वाटलं असणार की पोरगी फार तर घड्याळ मागेल. पण मानेआबात, सगळ्या बेटासमोर, नात्यातल्या बाईला नाही म्हणून पुढची निवडणूक कोण लढवणार? ते घामाघूम झाले आणि ग्रॅहम साहेबांच्या मांडीवरची नकाशाची गुंडाळी उचलून त्यांनी माझ्या हातात दिली.

साहेबांनी काय झालं विचारलं. मंत्र्यांनी घाम पुसत सांगितलं, की लोकांनी योजनेचं स्वामित्व घेतलं. यावर त्या भल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं! त्याने माझा हात दोन्ही हातांनी दाबला. म्हणाला, की आयुष्यभर याच क्षणाची वाट पाहिली.

तेव्हा योजना आता माझी आहे. धावपट्टी दाबायला म्हणून जहाजातून उतरवलेला रूळ अंगणात उभा आहे, त्याच्यावर मी चटया वाळवते. धावपट्टी कुठे करायची ते मी ठरवणार आणि मी ठरवलं आहे की नाही करायची. आई खूप दिवसांनी पोट धरून हसली.

तुला त्रास झाला तर तो माझ्यावर ढकल, मी आता योजनेची मालकीण आहे.
आशीर्वाद कमी पडू देणार नाही.
रोतिया


बैरिकी
२ जुलै

ती. ताईस,
मालकीणबाईंस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी नोकरी गेली असं धरून टेबल आवरून ठेवलं होतं. पण सरकार म्हणजे काय चीज आहे हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. ग्रॅहम साहेबांनी कळवलं, की इतक्या देशांत फिरलो पण लोकांनी योजना स्वतःहून मागितल्याचं इथेच पाहिलं. देणाऱ्यांच्या राजधानीत टाळ्या पडल्या म्हणे. धावपट्टी झाली की नाही हे कुणी विचारलंच नाही. सगळ्या बेटांवर लोकांनी अशाच योजना मागाव्यात यासाठी पैसे आले आणि त्याचं नवं खातं निघालं. त्याचा प्रमुख म्हणून माझं नाव! खुर्ची आली, फिरती खुर्ची. मी तीत बसून एकदा गोल फिरलोसुद्धा.

रविवारी बाउरोसाहेब घरी आले. माझी माडी प्यायले, आईची चौकशी केली, आपली आजी कशी गायची ते सांगितलं. मी समजलो. त्यांनी बुबुती केली. स्वतःच्या जावयासाठी माझी खुर्ची मागितली. ज्या बहिणीने योजना नेली, तिच्या भावाने खुर्ची द्यावी, हिशोब सरळ होता. मी दिली. त्या जावयाने बुबुतीच्या दुष्परिणामांचं प्रकरण वाचून माझं मनापासून अभिनंदन केलं.

आता मी पुन्हा जुन्या टेबलाशी. रेघा ओढत नाही, नुसत्या मोजतो. रागावलो आहे का? थोडा. तू खड्डा वाचवलास याचा आनंद मात्र खरा आहे. आईचा खोकला कसा आहे ते कळव, त्याबद्दल तू काही लिहीत नाहीस.

भाऊ खुर्चीशिवायही भाऊच, तेव्हा माया तशीच ठेवावी.
तोआकाई


नाबेरू
२५ जुलै

चि. तोआकाईस,
आशीर्वाद. तारावाला निघालेल्या मासेमारीच्या बोटीबरोबर घाईत लिहिते.

आईची छाती पुन्हा भरली आहे. नर्स दोनदा येऊन गेली, गोळ्या दिल्या, पण मान हलवली. जहाज कुठे आहे कुणाला माहीत नाही. ती आता खड्ड्यात उतरत नाही. मला काठावर उभं करून पाला किती टाकायचा ते पहिल्यांदाच सांगते.

मला झोप येत नाही. हसत हसत मी ती गुंडाळी घेतली. विमान असतं तर आज ती इस्पितळात असती, हे डोक्यातून जात नाही. मी आईचा खड्डा राखला आणि आईला गमावते आहे का? हे तुलाच लिहिते, दुसऱ्या कुणाजवळ बोलवत नाही.

रेघ कुणाची ते मी तिला सांगितलं. तिला आधीच माहीत होतं. म्हणाली, की विचारल्याशिवाय इतकं सरळ जाणारा माझ्या घरात एकच आहे, आणि ती त्याने माझ्यासाठीच ओढली असणार. मग म्हणाली, की मी पोरांकडे कधी काही मागितलं नाही, आता मागते. विमान नको, इस्पितळ नको. तू ये.

आईची बुबुती आहे, तोआकाई.
रोतिया


जहाजावरून
५ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. हे पत्र टपालात पडणार नाही. माझ्याच खिशात आहे.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी जावईसाहेबांना रजा मागायला गेलो, आणि जे कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं, की नाबेरूला कोणतं विमान उतरणार होतं. ते म्हणाले, की विमान या योजनेत नाही. धावपट्टी या योजनेत, विमान पुढच्या योजनेत, आणि तेही दुसऱ्या खात्याकडे. ताई, विमान कधी नव्हतंच. मी रेघ ओढली आणि तिच्यावर आपल्या मनानेच विमान उतरवत राहिलो. तू आईचं काहीही हिरावून घेतलेलं नाहीस. हे तुला तोंडाने सांगताना मला रडू येईल, म्हणून लिहून ठेवतो. मी रजेऐवजी राजीनामा दिला.

धक्क्यावर आलो तर जहाज उत्तरेला निघण्याच्या बेतात. स्वामित्व पाहायला परदेशी मंडळी चालली होती. मी कप्तानाकडे गेलो. त्याची बायको आपल्या मामेबहिणीची नणंद. जन्मात मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मी त्याच्याकडे जहाज मागितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि जहाज दक्षिणेला, नाबेरूकडे वळवलं. डेकवरच्या पाहुण्यांनी विचारलं तेव्हा त्यांना सांगितलं, की प्रवाशांनी मार्गाचं स्वामित्व घेतलं आहे. ते बिचारे तेव्हापासून माझे फोटो काढताहेत.

उद्या सकाळी बेट दिसेल. तू किनाऱ्यावर येशील, पण मी आधी तुझ्याकडे पाहणार नाही, तुझ्या शेजारी कोण आहे ते पाहीन. आई असली, तर हा कागद खिशातच राहील आणि तुला तो कधी कळणारही नाही.

नसली, तर हा घे. वाचून होईपर्यंत मला काही विचारू नकोस.

तुझा,
तोआकाई