बिनइस्त्रीचा हवालदार

१२ जानेवारी

चि. ठोंब्यास,
ताईचे अ. उ. आ.

जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाला ठोंब्या म्हणू नये, असं तुझ्या बायकोचं मत. म्हणून पाकिटावर साहेब लिहिलंय; आत तू ठोंब्याच. फोनवर तू 'हं'च्या पुढे जात नाहीस, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्या शिवणदुकानातला इस्त्रीवाला तुला आठवत असेल. कॉलर अशी करतो की घालणाऱ्याची मान आपोआप ताठ होते. परवा तो कपड्यांचं गाठोडं सायकलवर घेऊन निघाला होता. समोरच्या ठाण्यातल्या हवालदाराने अडवलं. याने विचारलं, का अडवलंत? एवढाच गुन्हा. हवालदाराने त्याचा उजवा हात पाठीमागे नेऊन पिरगळला, तो मनगट मोडेपर्यंत. मी दुकानाच्या पायरीवरून पाहत होते.

चौकशी तू करशीलच. पण आधी हॉस्पिटलात जा आणि त्याला तोंडाने धीर दे. लहानपणी तुझ्याकडून दोन शब्द काढायला मला चिमटा काढावा लागे. हे पत्र म्हणजे तोच चिमटा समज.

वेळेवर जेव, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई


२० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चिमटा पोचला. काल फळं घेऊन हॉस्पिटलात गेलो. इस्त्रीवाल्याने डाव्या हाताने नमस्कार केला, तो मला बघवेना. मी त्याला चारचौघांत सांगितलं की तो हवालदार पुन्हा अंगावर वर्दी चढवणार नाही, हा माझा शब्द. शेजारच्या खाटेवर एका बातमीदाराची आई होती. आज सगळं पहिल्या पानावर आलंय. फोटोत माझं पोट जरा जास्त दिसतं, बाकी छान.

हवालदाराला निलंबित केलंय. चौकशी सोमवारपासून सुरू होईल.

रागावायची मुभा आहेच, लोभही चालू ठेव.
तुझा ठोंब्या


९ जून

चि. ठोंब्यास,
ताईचे अ. उ. आ.

हवालदार बडतर्फ झाल्याचं वाचलं. शब्दाला जागलास.

इस्त्रीवाल्याचं प्लास्टर निघालं, पण बोटं मिटत नाहीत. डाव्या हाताने इस्त्री करतो. पॅन्टची घडी गुडघ्याशी आली की वळण घेते. एका सुरकुतीवरून भांडणारी गिऱ्हाइकं आता मुकाट्याने कपडे नेतात, आणि तेच त्याला जास्त लागतं.

आता गंमत ऐक. काल तो हवालदार स्वतः दुकानात आला. घरी बसून पोट सुटलंय, वर्दीची पॅन्ट कमरेत सैल करून हवी होती. मी म्हटलं, बडतर्फ माणसाला वर्दी कशाला, बुजगावण्याला घालायची का? तर हसून म्हणाला की ताई, घाई नाही, फेब्रुवारीपर्यंत द्या. तेव्हा म्हणे त्याच्या अपिलाचा निकाल आहे. तुमच्या खात्यावर एवढा विश्वास टाकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

काळजी वाटते, म्हणून लिहिलं. लोभ तर जुनाच.
तुझी ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

त्याची पॅन्ट तयार ठेव. अपील मंडळाने त्याला कामावर परत घ्यायला सांगितलंय, थकलेल्या पगारासकट.

मनगट मोडलं, हे मंडळाला मान्य. त्यानेच मोडलं, हेही मान्य. अमान्य झालो तो मी. हवालदारांच्या संघटनेच्या वकिलाने वर्तमानपत्राचं कात्रण वाचून दाखवलं: चौकशी सुरू व्हायच्या आधीच साहेबांनी खाटेशेजारी निकाल देऊन टाकला होता. वर जखमी माणूस साहेबांच्या सख्ख्या बहिणीच्या दुकानातला. शिवाय असल्या कामाबद्दल खात्याने आजवर फार तर बदली केली, मग यालाच घरी का बसवलं? थोडक्यात, पूर्वी कुणाला काढलं नाही म्हणून आता कुणाला काढता येत नाही.

एक फट उरली आहे. शेजारच्या जिल्ह्याचा अधिकारी नव्याने चौकशी करू शकतो, पण इस्त्रीवाल्याने पुन्हा साक्ष दिली तरच. त्याला विचारशील का? मला तोंड नाही.

चिमट्याचं मनाला लावून घेऊ नकोस. बोललो मी होतो.

पूर्वीइतकाच लोभ राहू दे, जास्तीची आशा नाही.
ठोंब्या


२४ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
ताईचे अ. उ. आ.

दोघा भावंडांनी मिळून चांगुलपणा केला आणि हवालदाराच्या वकिलाचं काम सोपं करून दिलं. झालं ते झालं.

तो पॅन्ट न्यायला आला. मी सैल करून ठेवली होती; शिलाईत खोडसाळपणा मला जमत नाही. इस्त्रीवाल्यापुढे ठेवली. त्याने ती उचलली, झटकली आणि तशीच माझ्या हातात परत दिली. म्हणाला, एवढी एक नाही. हवालदार खांदे उडवून म्हणाला की बिनइस्त्रीची घालतो, मला कोण विचारतंय!

साक्षीचं मी विचारलं. त्यावर इस्त्रीवाला म्हणाला की एकदा सांगून पाहिलं की.

जिवाला जप, तेवढाच माझा लोभ.
तुझी ताई


५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोमवारी तुमच्या ठाण्याची पाहणी केली. रांगेत तो उभा होता. पॅन्ट अशी की गोणपाट बरं! चुरगळलेल्या वर्दीबद्दल प्रमुख जागेवर शिक्षा देऊ शकतो. मंडळ नाही, वकील नाही, अपील नाही. मी नुसतं बोट दाखवलं. आता महिनाभर तो रोज एक तास जादा कवायत करतोय. संघटनेचे लोकसुद्धा म्हणाले की वर्दीच्या बाबतीत शिस्त हवीच.

गाडीत बसल्यावर हसू आलं, आणि पाठोपाठ लाज वाटली. पॅन्टसाठी एक बोट पुरलं. मनगटासाठी वर्ष गेलं आणि हाती काही नाही.

लोभ असेल तर हसू नकोस.
ठोंब्या


१२ मार्च

चि. ठोंब्यास,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र इस्त्रीवाल्याला वाचून दाखवलं. वाटलं, हसेल. त्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हणाला, म्हणजे साहेबांचा हुकूम चालतो तर! पॅन्टवर चालतो, मग माणसावर चालायला काय लागतं ते बघू. आणि साक्षीला जायला त्याने उद्याची सुट्टी मागितली.

मीही जाते आहे. गेल्या वेळी साहेबांची बहीण म्हणून मला कुणी बोलावलं नाही. या वेळी अधिकारी परका, त्याला मी चालते.

उद्यासाठी त्याने स्वतःचा शर्ट स्वतःच इस्त्री केला. बाहीची घडी तिरकी गेली. मी सरळ करून देते म्हटलं, तर म्हणाला, राहू द्या, त्या परक्या साहेबांना दिसू दे.

तुझ्यासाठी निरोप आहे: या वेळी फळं नकोत, भेट नको, आणि धीर तर मुळीच नको.

तेव्हा निकाल लागेपर्यंत कुणी काही विचारलं तर 'हं'सुद्धा म्हणू नकोस. लोभ आहेच, तूर्त तो पाकिटातच राहू दे.

तुझी ताई