खाटेजवळची शिकवणी

सर,

तुम्ही गेलात त्या वयाच्या कितीतरी पुढं आले मी, तरी तुमच्यापुढं मी अजून तीच. इंग्रजीत दोनदा आपटलेली, महाल वस्तीतली ती मॅट्रिकची मुलगी. बाबांनी निक्षून सांगितलं होतं, "ही शेवटची खेप. नाही जमलं त मुकाट्यानं बोहल्यावर उभी राहजो." तुमच्याशिवाय मला होतं कोण हो?

तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर छोटी छोटी इंग्रजी वाक्यं लिहून त्यांच्या पट्ट्या कापायचे आणि जमिनीवर मांडून त्यांचं एकच वाक्य करायला लावायचे. शब्द ज्याच्याबद्दल आहे त्याच्याच शेजारी त्याला बसवायचं, एवढंच तुमचं म्हणणं. पण माझं डोकं कुठलं चालतंय! एकदा मी मोठ्या ऐटीत जुळवलं, 'फ्राइड इन ऑइल, मदर सर्व्ह्ड अस पुरीज.' तुम्ही म्हणाले, "काहून वं, पुऱ्या सोडून मायलेच तळून काढलं?" मी हसतेय, तुम्हीही हसताय, आणि ते हसू खोकल्यात जातं आणि थांबतच नाही. रुमाल तुम्ही मुठीत दाबला, पण मला लाल दिसलं.

त्यानंतर तुम्ही खाटेवरूनच शिकवलं. मी पट्ट्या धरायची, तुम्ही बोटानं दाखवायचे, हिला पुढं घे, हिला मागं. आवाज रोज आणखी खाली जायचा. परीक्षेला बारा दिवस उरले होते आणि मला तेवढेच दिसत होते.

मी पास झाले, सर. निकाल लागला तेव्हा तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले होते. आई म्हणाली, सरांच्या घरी काकूंना पेढे देऊन ये. पुडा घेऊन तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत फिरले. पुढं मी इंग्रजीचीच मास्तरीण झाले. लोक कौतुक करतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

हे पत्र टाकणार कुठं? तरी एकदा लिहितेच. त्या बारा दिवसांतल्या पहिल्याच दिवशी काकूंनी मला जिन्यात गाठलं. हात जोडले हो त्यांनी, माझ्यासारख्या पोरीपुढं! "डॉक्टरनं बोलाले मनाई केली हाये. तू आली की हे कोणाचं आयकत नाही. उद्यापासून नको येऊ, बाई." मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्या नळावर गेल्याचं पाहिलं आणि वर आले. तुम्ही विचारलं, "काकू भेटली होती का वं तुले?"

मी म्हटलं, नाही.